चषकाला नाव देण्याआधी ते कपाट उघडा

प्रति,
जिल्हा फुटबॉल संघटनांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
तसेच शाळांची व्यवस्थापन मंडळे व मुख्याध्यापक यांस

विषय : वर्ग, मैदान आणि वस्ती अशा तिन्ही ठिकाणी आयुष्य घालवलेल्या शिक्षक-संघटकाच्या कामाचे पुढे काय करायचे, याबाबत

सप्रेम नमस्कार.

तीस-पस्तीस वर्षे शाळेत शिकवत असतानाच जिल्ह्याचा फुटबॉल चालवलेला एखादा शिक्षक निवृत्त होतो किंवा जातो, तेव्हा आपण ठरलेल्या तीन गोष्टी करता. सभा घेता, वर्तमानपत्राला निवेदन देता आणि पुढच्या मोसमापासून त्यांच्या नावाचा चषक जाहीर करता. चौथी गोष्ट राहून जाते. शाळेच्या खेळसाहित्याच्या खोलीत त्यांचे एक लोखंडी कपाट असते. खेळाडूंचे नोंदणी अर्ज, सामनापत्रकांचे गठ्ठे, पंचांचे नंबर लिहिलेली वही, पावतीपुस्तके, दोन पंप आणि एका डबीत पंपाच्या सुया. नवे वर्ष सुरू होताना शाळेला ती खोली हवी असते. कागद रद्दीत जातात, पंप कोणीतरी नेतो. मग त्यांच्याच नावाच्या चषकाचा पहिला सामना उशिरा सुरू होतो, कारण मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते हे फक्त त्यांनाच माहीत होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की अशा माणसाचा खरा सन्मान म्हणजे त्याचे काम दुसऱ्याला करता येईल अशा रूपात ताब्यात घेणे, आणि तेही तो हयात आणि कामावर असताना. पुढचे सगळे त्याच्या तपशिलाबद्दल आहे.

आधी एक जुने उदाहरण. अलेक्झांडर वॉटसन हटन हे मूळचे ग्लासगोचे शिक्षक. १८८२ मध्ये ते अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सला गेले. ज्या शाळेत रुजू झाले तिथे खेळासाठी जागा आणि साधने देण्यावरून व्यवस्थापनाशी त्यांचे पटेना. (ही तक्रार किती जुनी आहे, हे मुख्याध्यापकांनी ध्यानात घ्यावे.) १८८४ मध्ये त्यांनी स्वतःचे इंग्लिश हायस्कूल काढले आणि फुटबॉल शाळेच्या रोजच्या शिक्षणाचा भाग केला. १८९१ मध्ये त्या शहरात एक लीग झाली, पण ती भरवणारी संघटना टिकली नाही आणि १८९२ ला लीग झालीच नाही. १८९३ मध्ये हटन यांनी संघटना नव्याने बांधली आणि अध्यक्षपद घेतले. अर्जेंटिनाची फुटबॉल संघटना आपले जन्मवर्ष आजही तेच मानते. त्यांच्या शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा ‘अलुम्नी’ हा संघ १९०० ते १९११ या बारा मोसमांत दहा वेळा विजेता ठरला. त्यानंतर तो लीगमध्ये उतरलाच नाही आणि १९१३ मध्ये रीतसर बंद झाला. दहा विजेतेपदांचा संघ संपला आणि बैठका घेणारी, नियम छापणारी संघटना राहिली. संघ एका शाळेच्या आणि एका पिढीच्या पोरांवर उभा होता. संघटनेचे काम कागदावर होते, म्हणून ते हातातून हातात देता आले. आपल्या जिल्ह्यातल्या सरांचे काम यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे कपाट उघडल्याशिवाय कळणार नाही.

आता त्या कपाटातल्या वस्तूंकडे वळू.

सर्वात वरच्या कप्प्यात वेळापत्रक असते. बाहेरच्याला ते एका पानाचे काम वाटते. आठ शाळांची साखळी घ्या. कागदावर वरच्या ओळीत १, २, ३, ४ आणि खालच्या ओळीत त्यांच्याखाली ८, ७, ६, ५ लिहायचे. वर-खालचे आकडे भिडतात. १ ला जागेवर ठेवून बाकीचे सात दर फेरीला घड्याळाच्या दिशेने एक घर सरकवायचे. सात फेऱ्यांत प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळतो आणि सामने होतात २८. संघ सातच असतील तर आठव्या जागी ‘विश्रांती’ लिहायचे. इथवर गणित सोपे आहे. अडचण मैदानाची येते. शालेय सामना ३०-३० मिनिटांचा, मधली सुट्टी १० मिनिटे आणि संघ बदलायला २० मिनिटे धरली की एका सामन्याला दीड तास लागतो. एका मैदानावर दुपारनंतर तीन सामने, म्हणजे २८ सामन्यांना दहा दिवस. हे दहा दिवस वाचवायचे म्हणून कार्यकारिणी बाद पद्धतीवर येते. तिथे आठ संघांत सातच सामने, तीन दिवसांत मोकळे. पण त्यात चार शाळांची मुले साठ मिनिटे खेळून घरी जातात. महिनोन्महिने सराव करून साठ मिनिटे! शिक्षक असलेला संघटक इथे हटकून मधला मार्ग काढतो. चार-चारचे दोन गट, गटात सहा-सहा सामने, मग दोन उपांत्य आणि अंतिम असे एकूण पंधरा सामने पाच दिवसांत बसतात आणि कोणताही संघ तीन सामन्यांपेक्षा कमी खेळत नाही. हा निर्णय वेळापत्रकासारखा दिसतो, पण तो मुलांना किती खेळायला मिळावे याबद्दलचा निर्णय आहे. म्हणून तो नियमावलीत लिहून ठेवा. नाहीतर सर गेल्यावर पहिल्याच घाईत बाद पद्धत परत येईल.

गटसाखळीत आणखी एक खड्डा असतो. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या खिखोन इथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा गटातला शेवटचा सामना झाला. त्याच गटातल्या अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे किती गोलने आपण दोघेही पुढे जातो हे दोन्ही संघांना माहीत होते. जर्मनीने सुरुवातीला एक गोल केला आणि मग कोणीच खेळले नाही. अल्जीरिया बाहेर. तेव्हापासूनचा धडा म्हणजे १९८६ च्या स्पर्धेपासून गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. शालेय स्पर्धा अजूनही एकामागून एक घेतल्या जातात. निदान शेवटच्या फेरीपुरते दुसरे मैदान मागून घ्या. गुण सारखे झाले तर आधी काय पाहायचे, आपसातला निकाल की गोलफरक, हे पहिल्या सामन्याआधी छापून द्या. ते नंतर ठरवले की कोणत्या शाळेसाठी ठरवले, हीच चर्चा उरते. परीक्षांच्या तारखा शाळांकडून आधी मागवा, आणि दर पाच दिवसांमागे एक दिवस राखीव ठेवा. पावसाने गेलेला सामना कुठे बसवायचा हा प्रश्न सरांच्या डोक्यात सुटलेला असतो, कागदावर नसतो.

मधल्या कप्प्यात दोऱ्या, खुंट्या आणि फिरकीची टेप. १०० बाय ६४ मीटरच्या मैदानावर सगळ्या खुणा मिळून किती फक्की मारावी लागते याचा हिशेब फारसा कोणी करत नाही. चारही बाजू, मध्यरेषा, दोन्ही पेनल्टी क्षेत्रे, गोल क्षेत्रे, ९.१५ मीटर त्रिज्येचे मधले वर्तुळ, पेनल्टी क्षेत्राबाहेरचे कंस आणि कोपऱ्यांचे पाव-पाव तुकडे धरून ती रेषा सुमारे ७०० मीटर होते. पहिल्यांदा आखताना काटकोन डोळ्यांनी जमत नाही. कोपऱ्यातून एका बाजूला ९ मीटर, दुसऱ्या बाजूला १२ मीटर मोजायचे आणि त्या दोन टोकांमधले अंतर बरोबर १५ मीटर येईपर्यंत दोरी हलवायची. कोपऱ्यात एक अंशाची चूक राहिली तर ६४ मीटर पलीकडे ती १.१ मीटर झालेली असते आणि पलीकडची रेषा गोलखांबांच्या ओळीत येत नाही. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. या मापाच्या मैदानाला ते ११८.७ मीटर आले पाहिजेत. रेषेची जाडी १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. कळीचा किंवा विरलेला चुना वापरू नका. तो ओल्या कातडीला भाजतो, आणि डोळ्यांत गेला तर इजा कायमची होऊ शकते. खडूची भुकटी किंवा पाण्यात मिसळणारा रंग घ्या, जरी तो लवकर पुसला जात असला तरी. एकदा आखून झाले की चारही कोपऱ्यांत आणि दोन्ही पेनल्टी खुणांच्या जागी जमिनीत बोटभर खाली खुंटी ठोकून तिचा नकाशा काढून ठेवावा. पुढच्या वेळी निम्मा वेळ वाचतो. बहुतेक जुन्या मैदानांवर या खुंट्या आहेत. कुठे आहेत, हे एका माणसाला माहीत असते.

गोलखांबांबद्दल मात्र आम्ही विनंती न करता बजावून सांगतो. ७.३२ बाय २.४४ मीटरचा सुटा लोखंडी गोल पुढच्या बाजूला जड असतो. आडव्या दांड्याला एखादे मूल लोंबकळले की तो पुढे कलंडतो आणि दांडा डोक्यावर किंवा छातीवर बसतो. जगभरात मुले अशी दगावली आहेत. खेळाच्या पहिल्याच नियमात गोल जमिनीला घट्ट बांधलेला असावा असे लिहिले आहे. तो सुटा असेल तर मागच्या दांड्यावर वाळूच्या गोण्या किंवा जमिनीत गाडलेले आकडे हवेतच. सामना संपल्यावर दोन्ही गोल समोरासमोर टेकवून साखळीने बांधा किंवा तोंडावर पाडून ठेवा. प्रत्येक सामन्याआधी हाताने ढकलून पाहणारा माणूस कोण, त्याचे नाव सामनापत्रकावर असावे. आजवर ते सर करत होते, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही.

चेंडूंचे त्या मानाने सोपे आहे. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा, ४१० ते ४५० ग्रॅमचा. लहानांना चार नंबरचा, साधारण ३५० ते ३९० ग्रॅमचा. बारा वर्षांखालच्यांना पाच नंबर देणे म्हणजे मुलाला बापाचे बूट घालून धावायला सांगणे. सुई ओली करूनच व्हॉल्व्हमध्ये घालायची. कोरडी सुई आतला रबर फाडते, आणि चेंडू ‘आपोआप’ बसायला लागतो.

खालचा कप्पा सर्वात जड, कारण त्यात नोंदणी असते. वयोगटाच्या स्पर्धेतली निम्मी भांडणे मैदानावर दिसतात, पण ती इथे सुरू झालेली असतात. जन्माचा दाखला एक तारीख सांगतो, शाळेचे रजिस्टर दुसरी. कोणता कागद ग्राह्य हे आधी ठरवले नसेल तर उपांत्य फेरीत हरलेली शाळा तो प्रश्न विचारणारच, आणि तोवर संघाने चार सामने खेळलेले असतात. पडताळणी पहिल्या सामन्याच्या किमान तीन आठवडे आधी व्हावी, मूळ कागद पाहून, दोघांच्या सहीने, आणि यादी सर्व शाळांना पाठवून हरकतीला सात दिवस द्यावेत. एकदा दिलेला नोंदणी क्रमांक पुन्हा दुसऱ्या मुलाला देऊ नये. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून वय पडताळायला मनगटाचे एमआरआय सुरू केले, म्हणजे वयाचा प्रश्न वरपर्यंत सुटलेला नाही. शाळेच्या पातळीवर तो सोडवणारा माणूस वर्गशिक्षकच असतो, कारण पहिलीपासून मूल त्याच्या डोळ्यांसमोर असते.

त्याच यादीतून आणखी एक गोष्ट दिसते. वयाची रेषा १ जानेवारीला असेल तर जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते. तेरा-चौदाव्या वर्षी वर्षभराचा फरक म्हणजे उंची, वजन आणि धाव. निवडलेल्या अठरा मुलांचे जन्ममहिने एका ओळीत लिहून पाहा. बारा-तेरा जण पहिल्या चार महिन्यांतले निघाले, तर आपण कौशल्याऐवजी वय निवडले आहे. जो संघटक शिक्षकही असतो त्याला हे दिसते, कारण डिसेंबरचे ते बारके पोर पासिंग किती डोके लावून करते हे त्याने मधल्या सुट्टीत पाहिलेले असते. मुलांच्या कागदपत्रांच्या प्रती मात्र कुलपात ठेवा आणि मोसम संपून हरकतींची मुदत गेली की नष्ट करा. नोंद ठेवायची ती रजिस्टरमध्ये.

आता अवघड जागा. हेच सर एका शाळेचे प्रशिक्षक असतात आणि स्पर्धेचे सचिवही. सोडत तेच काढतात, पंच तेच नेमतात, हरकतही त्यांच्यासमोरच येते. माणूस सज्जन असला तरी ही रचना सज्जन नाही, आणि त्यांचे नाव खराब होते ते यामुळेच. सोडत सर्व शाळांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्यांनी काढा. स्वतःच्या शाळेचा विषय निघाला की सचिवाने खोलीबाहेर जावे आणि इतिवृत्तात ‘गेले’ व ‘परत आले’ अशी वेळ लिहावी. शिस्त समितीत तीन माणसे अशी घ्यावीत की ज्यांचा त्या स्पर्धेत संघच नाही. हे नियम सरांवर अविश्वास म्हणून नव्हेत. उलट, त्यांच्यावर बोट ठेवणाऱ्याला दाखवायला काहीतरी लेखी असावे म्हणून.

पंचांचा हिशेबही असाच त्यांच्या वहीत असतो. तीन सामन्यांना मध्ये एक आणि रेषेवर दोन अशा नऊ कामगिऱ्या लागतात. पाच पंच बोलावले तर कोणालाही दोनपेक्षा जास्त सामने उभे राहावे लागत नाही, आणि मध्ये तर एकदाच. तीनच बोलावले तर प्रत्येक जण तिन्ही सामने उन्हात असतो, तिसऱ्या सामन्यात निर्णय चुकतात, आरडाओरड होते आणि पुढच्या वर्षी त्यांतला सर्वात तरुण पंच फोन उचलत नाही. मानधन त्याच दिवशी, सहीवर द्या. पंचाचा अहवाल ४८ तासांत यावा.

शिक्षकाने कागदावर उतरवलेले काम किती दूर जाते, हे स्टॅन्ली राउस यांच्याकडे पाहून कळते. ते वॉटफर्ड ग्रामर स्कूलमध्ये शिक्षक होते आणि पंच होते. १९३४ मध्ये त्यांनी एफए कपच्या अंतिम सामन्यात पंचगिरी केली आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. पंचाने मैदानाच्या एका कर्णावर धावायचे आणि दोन रेषापंचांनी उरलेले दोन भाग सांभाळायचे ही आज प्रत्येक मैदानावर दिसणारी पद्धत रुजवण्याचे श्रेय त्यांना जाते. १९३८ मध्ये त्यांनी विस्कळीत झालेले नियम नव्याने लिहिले. ते सतरा झाले, आजही सतराच आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर असोसिएशनचे पहिले प्रशिक्षण संचालक म्हणून आलेले वॉल्टर विंटरबॉटम हेही शिक्षकी पेशातलेच. वर्गात पाठाचे टाचण काढायची सवय असलेली ही माणसे होती.

पण राउस यांचे चरित्र अर्धेच सांगून चालणार नाही. १९६१ मध्ये ते फिफाचे अध्यक्ष झाले. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्यांच्या ताब्यातल्या संघटनेवरचे निलंबन १९६३ मध्ये उठले, त्यामागे त्यांचा पाठिंबा होता. १९६४ मध्ये ते पुन्हा लावावे लागले. १९६६ च्या विश्वचषकाला आफ्रिकी देशांनी बहिष्कार घातला, कारण त्यांना हक्काची एकही जागा नव्हती. १९७४ च्या निवडणुकीत राउस हरले. नियमांचा एवढा जाणकार माणूस, पण मैदानाबाहेर कोणाला उभे केले गेले आहे हे त्याला कामाचा भाग वाटले नाही.

त्याच दक्षिण आफ्रिकेत अल्बर्ट लुथुली नावाचे शिक्षक होते. नाताळ प्रांतातल्या अॅडम्स कॉलेजात ते शिकवत आणि तिथल्या आफ्रिकी फुटबॉल संघटनांमध्ये पदाधिकारी म्हणून काम करत. १९३६ पासून ग्राउटव्हिलचे प्रमुख. १९५२ मध्ये सरकारने वर्णभेदाविरुद्ध लढणारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस किंवा प्रमुखपद यांतले एक निवडा म्हणून सांगितले. ते हटले नाहीत. सरकारने पद काढून घेतले, आणि त्याच वर्षअखेर ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९६० चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. शिक्षक, फुटबॉलचा पदाधिकारी आणि समाजाचा पुढारी ही तीन कामे एकाच माणसात येतात, त्याचे कारण साधे आहे. ज्याला वीस मुलांना वेळेवर एका जागी आणता येते, त्याच्याकडे लोक बाकीच्या अडचणीही घेऊन येतात.

म्हणून कपाटात एक गोष्ट सापडणार नाही, ती विचारूनच घ्यावी लागेल. कोणत्या मुलाला बूट नाहीत, कोणाचा बाप सरावाला पाठवत नाही आणि का, कोणत्या दोन वस्त्यांचे संघ एकाच दिवशी बोलवायचे नाहीत. आणि मुलींचा संघ कोणत्या घरांमुळे उभा राहिला. मुलींच्या बाबतीत संघटनेच्या एका ओळीची किंमत केवढी असते हे इंग्लंडने दाखवले आहे. डिसेंबर १९२० मध्ये गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले. पुढच्याच वर्षी असोसिएशनने संलग्न मैदाने महिलांना बंद केली आणि ती बंदी उठायला १९७१ उजाडले. आपल्याकडे असा ठराव कोणी करणार नाही. पण ‘मैदान मुलांच्या सामन्यांनंतर उरलेल्या वेळेत’ असे वेळापत्रक केले, तर परिणाम तोच.

पैशाबद्दल थोडक्यात. खाते संघटनेच्या नावाने, सह्या दोघांच्या, रोजकीर्द रोजची, किरकोळ खर्चाला ठरलेली मर्यादा आणि वर्षअखेर बाहेरच्या माणसाकडून तपासणी. यात नेहमी चुकते ते अफरातफरीने नव्हे, उदारपणाने. सर फक्की, बर्फ, एखाद्या मुलाचे भाडे स्वतःच्या खिशातून देतात आणि लिहीत नाहीत. त्यामुळे स्पर्धेचा खरा खर्च कागदावर कधीच येत नाही, पुढचा सचिव जुन्या आकड्यावर अंदाजपत्रक करतो आणि पहिल्याच वर्षी तोंडघशी पडतो. पदरचा खर्चही पावतीवर घ्या. परत घ्यायचा नसेल तर ‘देणगी’ म्हणून जमा दाखवा.

मुख्याध्यापकांना स्वतंत्र सांगायचे आहे. एका सामन्यामागे मैदानाबाहेरचे काम तासाभराचे धरा : पंचांना फोन, पत्रके तपासणे, अहवाल, गुणतक्ता, निकाल कळवणे. साखळीचे २८ तास झाले. त्यात आखणी, नोंदणी, बैठका आल्याच नाहीत. हे सगळे तास आज त्या शिक्षकाच्या घरातून आणि वह्या तपासण्याच्या वेळेतून जातात. मोसमाच्या महिन्यांत त्यांच्या तासिका लेखी कमी करा. शेवटची तासिका मोकळी ठेवा, सकाळची नव्हे, कारण फोन आणि मैदान दोन्ही दुपारनंतरचे असतात. ‘सर, तुम्ही कराल हो’ हे वाक्य सवलत नसते.

सुरक्षेचे दोन नियम भिंतीवर लावा. डोक्याला मार लागून शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही, तो कितीही विनवो. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पुन्हा सुरुवात नाही. हे निर्णय आजवर एका वजनदार माणसाच्या शब्दावर पाळले जात होते. नव्या सचिवाच्या शब्दाला तेवढे वजन नसणार, त्याला कागदाचा आधार लागेल.

हस्तांतराला पूर्ण एक मोसम द्या. सहसचिव नेमा, पण त्याला सरांच्या पिशव्या उचलायला लावू नका. पहिल्या तिमाहीत त्याने फक्त पाहावे आणि लिहावे, दुसऱ्यात नोंदणी एकट्याने करावी, तिसऱ्यात वेळापत्रक त्याने काढावे आणि सरांनी तपासावे, चौथ्यात सरांनी मैदानावर येऊ नये. शेवटचे सर्वात अवघड असते. ते येतातच, आणि लोक नव्या माणसाला ओलांडून त्यांनाच विचारतात. तेव्हा ‘त्यांना विचारा’ एवढेच उत्तर द्यायची सरांनी सवय केली, तरच हस्तांतर झाले असे समजा.

आणि त्यांचे चरित्र लिहायचे असेल, लिहाच, तर विशेषणांपासून सुरुवात करू नका. इतिवृत्तांची पुस्तके आधी वाचा, तारखा तिथून घ्या. माणसाची आठवण वर्षे सरकवते, चषकांची अदलाबदल करते. सरांशी बोलायला बसाल तेव्हा पाऊण तासापेक्षा जास्त नको, आणि समोर एखादे जुने सामनापत्रक ठेवा. ‘तुमचा प्रवास सांगा’ म्हटले की भाषण मिळते. ‘या पत्रकात गोलरक्षकाचे नाव खोडले आहे, का?’ विचारले की हकिगत मिळते. मैदान राखणारा, शाळेचा शिपाई, हरलेल्या शाळांचे प्रशिक्षक आणि त्यांच्याशी भांडलेले पंच यांनाही विचारा. छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे लिहा. बॉलपेनचा दाब समोर उमटतो. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. फोटो ६०० डीपीआयवर, कागद ३०० वर स्कॅन करा आणि तीन प्रती तीन जागी ठेवा : संघटनेत, शाळेत आणि सरांच्या घरी. त्यांच्या घरच्यांनी त्यांचे रविवार कुठे गेले हे एकदा पाहायला हवे.

चषक द्या. आमचा विरोध नाही. फक्त ज्या बैठकीत चषकाचा ठराव मांडाल, त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्याच्या आधीचा विषय म्हणून कपाटाची यादी घ्या : काय आहे, किती आहे, कोण ताब्यात घेणार, कोणत्या तारखेपर्यंत. आणि फाटकाच्या किल्लीची दुसरी प्रत करून घ्या.

आपले,
वर्गात आणि मैदानावर काम करणारे काही शिक्षक, पंच आणि स्पर्धा-संयोजक